परंपरागत औषधी, आंबवलेले अन्न आणि प्रयोगशाळेची कसोटी

(प्राथमिक शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आजच्या विषयाबाबत समाजात दोन टोकांची मते आढळतात. एक मत असे की, जे जुने आहे आणि झाडपाल्याचे आहे ते निर्दोषच असणार. पिढ्यान्‌पिढ्या लोक ते घेत आले, मग त्याला आणखी पुरावा कशास हवा? दुसरे मत असे की, आजीबाईच्या बटव्यात जे काही आहे ते सारे अडाणीपणाचे अवशेष होत. औषध म्हणजे कारखान्यात तयार झालेली गोळी, बाकी सर्व थोतांड. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी एका बाबतीत ती सारखी आहेत. दोन्हींना तपासणीचे कष्ट नको आहेत.

गावात कोणी आजारी पडले म्हणजे पहिला सल्ला बहुधा डॉक्टरांचा नसतो. तो शेजाऱ्यांचा, गुरुजींचा, सरपंचांचा असतो. "अमुक गावी माळ मिळते", "तमुक पाला वाटून द्या", "आधी दवाखान्यात न्या" यांपैकी कोणते वाक्य आपल्या तोंडून निघते, यावर कित्येकदा रोग्याचे भवितव्य ठरते. यास्तव या विषयाचा विचार आपण जबाबदारीने केला पाहिजे.

सर्पगंधेचा प्रवास

आरंभ सर्पगंधेपासून करू. या वनस्पतीची मुळी आपल्या देशात फार पूर्वीपासून वापरात आहे. बिहारकडे तर वेडाच्या रोग्यांना शांत करणारे औषध म्हणूनच ती ओळखली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो आणि मनोविकाराच्या रोग्यांना शांतता लाभते, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी हे या मुळीतील द्रव्ये वेगळी करीत होते. त्यांनी शोधलेल्या एका द्रव्यास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' हे नाव देण्यात आले. कर्नल रामनाथ चोप्रा यांनीही कलकत्त्यात या वनस्पतीचा अभ्यास केला.

तथापि, जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले ते मुंबईच्या एका वैद्यकतज्ज्ञाने. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ही मुळी दिली, औषधापूर्वीचा व नंतरचा रक्तदाब पद्धतशीर मोजला आणि आपले निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी मुळीतील प्रमुख द्रव्य वेगळे केले. तेच 'रेसर्पिन'. उच्च रक्तदाबावर खात्रीने उपयोगी पडणारी औषधे त्या काळी फारच थोडी होती. रेसर्पिन हे त्यांपैकी एक महत्त्वाचे औषध ठरले. डॉ. वकील यांना १९५७ साली लास्कर पारितोषिकाचा सन्मान मिळाला.

पुढे याच औषधाचे दोषही उजेडात आले. काही रुग्णांचे नाक चोंदू लागले. मोठ्या मात्रेने काहींच्या मनास खिन्नता आली. कालांतराने अधिक सुरक्षित औषधे निघाली आणि रेसर्पिनचा वापर कमी होत गेला. जुन्या वैद्यांना मुळीचा गुण ठाऊक होता, यात शंका नाही. परंतु गुण कोणत्या द्रव्याचा, त्याची मात्रा किती, ते कोणास अपाय करते, या प्रश्नांची उत्तरे मोजमाप आणि नोंदी यांवाचून मिळत नाहीत. दोन ठिकाणांहून आणलेल्या मुळ्यांत औषधी द्रव्याचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. जमीन, ऋतू आणि झाडाचे वय यांनुसार ते बदलते. चिमूटभर भुकटीत एके दिवशी कमी आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट औषध गेले, तर रोग्याचे काय होईल याचा विचार आपणच करावा.

कृतीचे महत्त्व

दुसरे उदाहरण चीनमधील आहे. हिवतापाच्या परोपजीवींना जुनी औषधे दाद देईनाशी झाली, तेव्हा १९६७ साली त्या देशाने नव्या औषधाच्या शोधाची मोठी मोहीम हाती घेतली. तू यूयू या संशोधिकेने जुन्या ग्रंथांतील असंख्य पाठ चाळले. त्यांत एका विशिष्ट दवण्याच्या जातीचा उल्लेख होता. परंतु तिचा अर्क काढला असता कधी गुण येई, कधी येत नसे. चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा असे सांगितले होते. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. तू यूयू यांना शंका आली की, उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे. त्यांनी कमी तापमानात उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. १९७१ साली त्या अर्काने उंदरांतील हिवतापाच्या परोपजीवींचा पूर्ण नायनाट झाला. माणसांवर प्रयोग करण्यापूर्वी या संशोधकांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. यातूनच 'आर्टेमिसिनिन' हे औषध जगास मिळाले आणि २०१५ साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक प्राप्त झाले.

आपल्या आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच कल्प सांगितले आहेत. रस काढणे, वाटणे, उकळणे, थंड पाण्यात भिजवणे आणि गरम पाण्यात मुरवणे यांत पूर्वसूरींनी भेद केला, तो उगीच नव्हे. परंतु हाच भेद आज गावोगावी विसरला जातो आणि कोणतीही वनस्पती सरसकट उकळून 'काढा' म्हणून दिली जाते. जुन्या ज्ञानाचा आदर म्हणजे ते बारकाईने वाचणे आणि मग तपासणे होय.

बरे वाटले म्हणजे औषध लागू पडले काय?

आता आपल्या नित्य अनुभवातील गोष्ट घेऊ. कावीळ झाली की कोणी माळ घालतो, कोणी नाकात रस सोडतो, कोणी मंत्र टाकतो. दोन-चार आठवड्यांत रोगी बरा होतो आणि उपचार करणाऱ्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दूषित पाण्याने होणारी विषाणुजन्य कावीळ बहुसंख्य रोग्यांत आपोआपच बरी होते. म्हणजे माळ घातली तरी रोगी बरा होणार आणि न घातली तरी होणार. खरा घात होतो तो उरलेल्या थोड्यांचा. ज्याच्या पित्तनलिकेत खडा अडकला आहे, ज्याचे यकृत निकामी होत चालले आहे, अशा रोग्याचे मोलाचे दिवस माळेच्या भरवशावर निघून जातात. गर्भवती स्त्रीला शेवटच्या महिन्यांत 'ई' प्रकारची कावीळ झाली, तर मृत्यूचे प्रमाण पाचांत एकापर्यंत जाऊ शकते. तिच्यासाठी एक दिवसाचा विलंबही परवडणारा नाही.

सर्पदंशाचेही तेच. कित्येक दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा रोग्यास कोणताही पाला दिला तरी तो वाचतो आणि श्रेय पाल्याला जाते. परंतु नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांनी खरोखर विष टोचले असेल, तर त्यावर प्रतिसर्पविषाची लस हाच सिद्ध उपाय आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतले होते.

मग औषधाने गुण आला की आपोआप आला, हे ओळखावे कसे? यासाठी संशोधक रोग्यांचे दोन गट करतात. एका गटास औषध, तर दुसऱ्यास दिसायला तशीच परंतु औषध नसलेली गोळी देतात. कोणास काय मिळाले हे रोग्याला ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते. कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते, जेणेकरून मर्जीला वाव राहू नये. दोन्ही गटांत पडलेला फरक, तेवढाच औषधाचा गुण.

ही कसोटी किती कठोर असते, हे भुईआवळीच्या उदाहरणावरून कळेल. काविळीवर ही वनस्पती देण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी नोबेल पारितोषिकविजेते डॉ. ब्लमबर्ग यांच्यासह केलेला प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. 'ब' प्रकारच्या कावीळ-विषाणूचे वाहक असलेल्या ३७ जणांना भुईआवळी दिली असता २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २३ जणांत असे एकाच्याच बाबतीत घडले. साहजिकच मोठी आशा निर्माण झाली. परंतु नंतर इतरत्र झालेल्या प्रयोगांत तो गुण पुन्हा दिसला नाही. एका प्रयोगाने आशा वाटते. विश्वास बसण्यास तो दुसऱ्यांच्या हातूनही साधावा लागतो.

गुग्गुळाची कथाही अशीच बोधप्रद आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातील चरबी उतरते, असे १९६६ साली दाखविले. एका जुन्या ग्रंथातील वर्णनावरून आधुनिक प्रयोग रचण्याचा तो उत्तम नमुना होता. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत पुढील काम झाले, औषध तयार झाले आणि भारतीय रुग्णांवरील प्रयोगांत त्याचा उपयोगही दिसला. मात्र २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या प्रयोगात अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी किंचित वाढल्याचे आढळले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आहार, शरीरप्रकृती किंवा अर्काची घडण यांमुळे हा फरक पडला असेल. परंतु हृदयविकाराच्या रोग्याने केवळ परंपरेच्या भरवशावर आपले नेहमीचे औषध सोडून गुग्गुळ घेऊ नये, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

ओळख आणि शुद्धता

औषध गुणकारी असले तरी ते तेच आहे काय आणि शुद्ध आहे काय, हे प्रश्न उरतातच. कोविडच्या साथीत गुळवेलीचा वापर फार वाढला. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात होती, हे तपासलेले नाही. पुढे इतर केंद्रांतूनही अशा नोंदी आल्या आणि वाद चालू राहिला. या वादात कोणतीही बाजू घेतली तरी निष्कर्ष एकच निघतो. कुंपणावरची वेल ओळखीची वाटली म्हणून रोज तिचा काढा पिणे निर्धोक नाही.

दुसरा धोका जड धातूंचा. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. शिशाने मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते आणि मोठ्यांच्या मज्जातंतूंना व रक्ताला अपाय होतो. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक व युनानी औषधे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आणि त्यांच्या निर्मितीस परवाना लागतो. म्हणून पुडीवर निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घटक आणि तारीख नसेल, तर ती पुडी कितीही स्वस्त असली तरी नाकारावी. त्याचप्रमाणे, १९५४ च्या जादूटोण्याचे उपाय व आक्षेपार्ह जाहिराती यांसंबंधीच्या कायद्यान्वये मधुमेह, कर्करोग अशा कित्येक रोगांवर हमखास उपायाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. आठवडेबाजारात असा फलक दिसला तर ग्रामपंचायतीने त्याकडे डोळेझाक करू नये.

स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

आता औषधाकडून अन्नाकडे वळू. आंबवण्याची क्रिया आपल्या प्रत्येक घरात चालते. ताक, दही, आंबील, आंबोळी, इडली, ढोकळा हे सर्व सूक्ष्मजीवांचे उद्योग होत. दूध का नासते व दही का लागते, याचे कोडे लुई पाश्चर यांनी १८५७ च्या सुमारास उलगडण्यास आरंभ केला. विरजणातील जिवाणू दुधातील शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात, त्या आम्लाने दुधातील प्रथिने घट्ट होतात आणि इतर घातक जिवाणूंना तेथे वाढणे कठीण जाते. आंबटपणा हा अशा रीतीने दुधाचा राखणदारच ठरतो.

काही जणांना दूध पचत नाही, पोटात गुबारा धरतो. परंतु दही चालते. याचे कारण १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी स्पष्ट केले. दह्यातील जिवाणूंजवळ दुग्धशर्करा फोडणारे पाचकद्रव्य असते आणि ते आपल्या आतड्यात जाऊनही काम करते. लोकानुभव येथे पूर्ण खरा ठरला.

इडलीचे पीठ तर विरजणावाचूनच फुगते. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, यामागे मुख्यतः 'ल्युकोनॉस्टॉक' नावाचा जिवाणू असतो. तो धान्याबरोबरच येतो, आम्ल आणि वायू दोन्ही तयार करतो. उडदातील चिकट द्रव्य आणि प्रथिने तो वायू धरून ठेवतात, म्हणून इडली जाळीदार होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इडली वाफवल्यावर आणि आंबील शिजवल्यावर त्यांतील जिवाणू मरतात. म्हणजे त्यांचा लाभ जिवंत जिवाणूंचा नसून जिवाणूंनी आधीच करून ठेवलेल्या कामाचा असतो. ताजे ताक प्याल्याने मात्र जिवंत जिवाणू पोटात जातात. दोन्ही चांगलेच, पण कारणे निराळी.

ते आधीच केलेले काम कोणते? धान्यात आणि कडधान्यात फायटिक आम्ल असते. ते लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते, त्यामुळे ताटात असलेले लोह अंगी लागत नाही. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या क्रियांनी हे आम्ल कमी होते. नाचणीत दर १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी आंबील करणारी आपली चाल या दृष्टीने अत्यंत शहाणपणाची आहे. अंगणवाडीत आणि शालेय पोषण आहारात अशा पदार्थांना स्थान देणे खर्चिक नाही. अर्थात आंबील ही रक्तक्षयाच्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. गर्भवतीस लोहाच्या गोळ्या द्याव्याच लागतात.

आंबवण्याच्या याच विद्येवर औषधांचे कारखाने उभे राहिले, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तेथील प्रचंड टाक्यांत बुरशी आंबवण्याचे जे काम चाले, त्याचे तत्त्व घरातील विरजणाच्या भांड्याहून फार वेगळे नव्हते. फरक होता तो शुद्ध वाण, मोजलेले तापमान आणि कडेकोट स्वच्छता यांचा. जपानचे अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ साली कोलेस्टेरॉल उतरवणारे द्रव्य शोधले. पुढे तशाच गुणाचे द्रव्य चीनमधील लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळातही सापडले. परंतु २०२४ साली जपानमध्येच अशा लाल तांदळाच्या गोळ्यांत दुसऱ्या बुरशीचे विष शिरल्याने अनेकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. अन्न म्हणून ओळखीचे असलेले पदार्थही गोळीच्या रूपाने विकले जाऊ लागले की औषधाइतकीच तपासणी मागतात.

आंबणे आणि बुरसणे यांतील भेद आपल्या देशानेही फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. १९७४ साली गुजरात-राजस्थान सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने भिजलेला बुरसट मका खाल्ल्याने यकृताच्या विकाराची साथ आली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण मृत्युमुखी पडले. मक्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष त्यास कारणीभूत असल्याचे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हे विष नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. काळे-हिरवे डाग पडलेला मका किंवा शेंगदाणा धुऊन, भाजून खपविण्याचा मोह कोणीही करू नये. गोदामातील धान्याची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तर मुळीच नाही.

सूक्ष्मजीवांच्या योग्य निवडीने काय साधते, याचे उज्ज्वल उदाहरण ओडिशाचे आहे. तेथील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आंबवलेल्या भाज्यांत आढळणाऱ्या 'लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम' या जिवाणूचा एक निवडक वाण विशिष्ट शर्करेसह सात दिवस देण्यात आला. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण औषध नसलेल्या गटात ९ टक्के होते, ते या गटात ५.४ टक्क्यांवर आले. परंतु ही बालके पुरेशा वजनाची होती, वाण प्रयोगशाळेत पारखलेला होता आणि मात्रा ठरलेली होती. यावरून कोणी नवजात बालकास दही-ताक चाटवू लागेल, तर तो अनर्थ होईल. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, हा नियम अबाधित आहे.

आपण काय करावे?

शिक्षकांना माझी विनंती अशी की, त्यांनी हा विषय फळ्यावर न ठेवता वर्गात आणावा. एकच दूध उकळून कोमट करावे आणि चार वाट्यांत घ्यावे. पहिलीत विरजण घालावे, दुसरीत काहीच घालू नये, तिसरीत उकळून निववलेले विरजण घालावे आणि चौथीत विरजण घालून ती थंड जागी ठेवावी. दुसऱ्या दिवशी मुलांनी निरीक्षण लिहावे. पहिल्या वाटीत दही लागेल. बाकीच्यांत का लागले नाही किंवा उशिरा का लागले, याची चर्चा करावी. तुलनेसाठी दुसरी वाटी का हवी, हे ज्या मुलाला कळले, त्याला पुढे काविळीच्या माळेचा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

ग्रामपंचायत सदस्यांकडे तर कायद्याने दिलेले साधन आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ही नोंदवही केवळ पूर्ततेसाठी भरू नये. गावातील जाणत्या वैदूंना व वृद्ध स्त्रियांना विचारून वनस्पतीचे स्थानिक नाव, वापरला जाणारा भाग, कृती, ऋतू हे सारे त्यांच्या संमतीने लिहून घ्यावे. लिखित नोंदीचे मोल हळदीच्या लढ्यात दिसून आले. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यादाखल सादर झाले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. केवळ तोंडी परंपरा सांगून हे साधले नसते.

नोंदीमुळे न्याय्य वाटाही मिळू शकतो. केरळातील काणी आदिवासींनी दाखविलेल्या 'आरोग्यपच्चा' या वनस्पतीपासून तिरुवनंतपुरमजवळील वनस्पती उद्यानाच्या संस्थेने औषध तयार केले आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांचा निम्मा भाग त्या जमातीस देण्याचे ठरविले.

वनस्पतीच नाहीशी झाली तर ज्ञानाचा उपयोग काय? नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी डॉ. मन्रो वॉल यांनी अमेरिकेत १९६६ साली एका चिनी वृक्षातून कर्करोगाविरुद्ध गुणकारी असे 'कॅम्प्टोथेसिन' हे द्रव्य शोधले. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडात आढळले. परिणाम असा झाला की, नरक्याची बेसुमार चोरटी तोड झाली. ज्या गावांच्या रानात हे झाड आहे, तेथील समितीने त्याची मोजणी करून वनखात्याशी संपर्क ठेवला, तर एका मौल्यवान ठेव्याचे रक्षण होईल. सर्पगंधा आणि गुग्गुळ यांचीही रानातील स्थिती आज चिंताजनक आहे.

अधिकारी बंधुभगिनींस एवढेच सांगावयाचे की, गावकऱ्यांच्या उपायांची थट्टा करू नये. थट्टेमुळे लोक उपाय सोडत नाहीत. ते केवळ आपल्यापासून लपवतात. रोग्याने कोणता पाला, कोणती पुडी घेतली हे डॉक्टरांना कळले नाही, तर निदान चुकते. म्हणून आशा सेविकांनी आणि परिचारिकांनी विश्वासाने विचारावे आणि लिहून ठेवावे. पुडीचा नमुना उपलब्ध असेल तर तोही जपून ठेवावा.

परंपरेने आपल्याला दिली ती जाणत्यांची निरीक्षणे. त्यांतील काही सर्पगंधेप्रमाणे खरी ठरली, काही भुईआवळीप्रमाणे अनिर्णित राहिली, काही निरुपयोगी निघतील. कोणते निरीक्षण कोणत्या प्रकारचे, हे ठरविण्याचे काम प्रयोगशाळेचे आहे. पण गावातून प्रामाणिक नोंदी आल्याविना प्रयोगशाळेलाही ते करता येत नाही. येत्या ग्रामसभेत आपल्या गावची जैवविविधता नोंदवही मागवावी, ती उघडून पाहावी आणि कोरी पाने असतील तर ती भरण्याचे काम कोणाकडे द्यावयाचे हे त्याच सभेत ठरवावे.